उशिराचे सुतक

मृत्यूची वार्ता जितकी उशिरा पोचते, तितके सुतक कमी होते. धर्मशास्त्रकारांनी ही व्यवस्था काही शतकांपूर्वीच लावून ठेवली आहे. भाऊबंद दूरदेशी वारला आणि दहा दिवसांच्या आत कळले, तर दहातले उरलेले दिवस पाळावेत. दीड महिन्याच्या आत कळले तर तीन रात्री, सहा महिन्यांच्या आत दीड दिवस, वर्षाच्या आत एक दिवस. आणि वर्ष उलटून गेले असेल तर डोक्यावरून पाणी घेतले की माणूस मोकळा. प्रवासाला महिने लागत त्या काळात हा नियम दयाळू होता. मेलेल्यासाठी जिवंतांनी किती काळ अडून राहावे, याला त्याने सीमा घातली. याच नियमाच्या आधाराने एखादे सरकार युद्ध चालू ठेवील, असे त्या जुन्या पंडितांच्या मनातही आले नसेल. त्यांच्याकडे तेवढी नीचता नव्हती, आणि शीतगृहेही नव्हती.

सीमेवरचे युद्ध सहाव्या वर्षात होते. ते का सुरू झाले हे शाळेच्या पुस्तकांत छापलेले होते. ते कशासाठी चालू आहे हे कोठेच छापलेले नव्हते. तिसऱ्या वर्षी लोकांचा संयम सुटू लागला तेव्हा संसदेने एक कायदा एकमताने संमत केला. संसदेतले एकमत ही गोष्ट नेहमीच काळजीपूर्वक हुंगून पाहावी. कायद्यानुसार जनतेचा युद्धाविषयीचा थकवा शास्त्रीय पद्धतीने रोज मोजला जाणार होता, तो आकडा रोज सायंकाळी सहाला जाहीर होणार होता, आणि थकवा मर्यादेबाहेर गेल्यास युद्ध चालू ठेवावे की नाही यावर मतदान घेणे सरकारला बंधनकारक होते. त्यासाठी पुण्यात एक केंद्र उभे राहिले. 'थकवा' हा शब्द सरकारी फलकावर बरा दिसेना, म्हणून मापाची दिशा उलटी करून त्याला 'धैर्यांक' असे नाव दिले गेले. शंभर म्हणजे अभंग धैर्य. चाळीसच्या खाली गेला की मतदान.

केंद्राच्या ध्वनी विभागाची प्रमुख होती डॉ. उत्तरा निकम. आवाजावरून थकवा ओळखण्याचे तंत्र तिने मुळात रुग्णालयांसाठी तयार केले होते. सलग पाळ्या केलेल्या परिचारिकेच्या हातून चुकीचे औषध जाण्यापूर्वीच तिचा थकवा ओळखता यावा, एवढाच त्यामागचा साधा हेतू. तत्त्वही साधेच होते. निरोगी संभाषणात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला विराम पापणी लवण्याइतका असतो. थकलेल्या मेंदूला शब्द वेचायला वेळ लागतो आणि तो विराम लांबतो. स्वरयंत्राचे स्नायू सैलावतात, आवाजातले चढउतार सपाट होतात. शिवाय सुस्कारे. फुप्फुसातले काही सूक्ष्म कोश एकसारखे मिटत असतात, ते उघडण्यासाठी शरीर आपल्या नकळत अधूनमधून एक खोल श्वास घेते. दीर्घ ताणात आणि दुःखात हे श्वास वाढतात. एका माणसाच्या आवाजावरून काहीच सिद्ध होत नाही, त्याला सर्दी झाली असेल. पण लाखो आवाज एकत्र केले की सर्दीपडसे एकमेकांना छेदून जाते आणि खाली थकवा तेवढा उरतो. माणूस काय बोलतो ते खोटे असू शकते. बोलण्याआधी तो किती थांबतो, यात खोटेपणा करणे फार थोड्यांना जमते, आणि ते बहुतेक सारे राजकारणात असतात.

हे आवाज मिळवण्यासाठी प्रत्येक सैनिक कुटुंबाला आठवड्यातून एकदा फोन येई. पलीकडून एक मधाळ, यांत्रिक आवाज विचारी, "नमस्कार ताई, आज कसं वाटतंय?" फोन उचलणे सक्तीचे होते. न उचलल्यास सवलतीचे धान्य बंद.

कायदा करणाऱ्यांची अपेक्षा, निदान त्यांच्या भाषणांतली अपेक्षा, अशी होती की लोक थकल्याचे दिसले की युद्ध आवरते घेतले जाईल. प्रत्यक्षात थकवा मोजता येतो म्हटल्यावर तो पुरवून पुरवून वापरता येतो, हे सरकारच्या ध्यानात आले. केंद्राच्या वरच्या मजल्यावर वार्तावितरण विभाग सुरू झाला. कोणत्या तालुक्याला या महिन्यात किती मृत्यू सोसतील, हे तिथे ठरे. ज्या भागाचा धैर्यांक घसरलेला, तिथल्या मृतांची वार्ता थांबवली जाई आणि पार्थिवे द्राक्षपट्ट्यातल्या शीतगृहांत ठेवली जात. एके काळी तिथे निर्यातीची द्राक्षे ठेवत. आकडा सावरला की पार्थिवे गावी सोडायची. केंद्राच्या उपाहारगृहात या प्रतीक्षेला 'मुरवण' असा शब्द रूढ झाला होता. उत्तराने तो ऐकला होता. त्याचा अर्थ तिने कोणाला विचारला नव्हता. पगारी विद्वत्तेची ती जुनी सवय आहे.

उशिरा कळलेल्या मृत्यूने गाव कमी थकते, हे यंत्राने आकडेवारीतून आधीच काढले होते. त्याला परंपरेचा आधार शोधून दिला तो सांस्कृतिक सल्लागार डॉ. हेरंब पुराणिक यांनी. वर सांगितलेले सुतकाचे नियम त्यांनी एका बैठकीत पडद्यावर दाखवले तेव्हा खोलीत कौतुकाची कुजबुज झाली.

"आणि पत्नी?" उत्तराने विचारले होते.

"पत्नीला सवलत नाही," पुराणिक चष्मा पुसत म्हणाले. "नवऱ्याची वार्ता केव्हाही कानावर येवो, ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस. पण बाई, पत्नी एकच असते. भाऊबंद दोनशे असतात."

*

पौषात साताऱ्याकडच्या काही गावांतून विचित्र फोन नोंदले जाऊ लागले. फोन उचलला जाई, प्रश्न विचारला जाई आणि उत्तर येत नसे. यंत्र थोडा वेळ वाट पाहून तो फोन 'बिघाड' म्हणून टाकून देई. हा बिघाड तालुक्यातालुक्यातून पसरत गेला. जिथे सैनिकांची घरे दाट, तिथे बिघाड दाट. शेवटी महासंचालक केळुसकरांनी बैठक बोलावली.

"किती दिवस बिघाड म्हणणार याला?" त्यांनी विचारले.

"बिघाड नाहीच तो, सर," उत्तरा म्हणाली. "मागे भांड्यांचा आवाज येतो, कोंबडी ओरडते, श्वास ऐकू येतो. बाई फोन कानाला लावून उभी आहे. बोलत नाही, एवढंच."

"मग तुमच्या शास्त्रात याला काय म्हणायचं?"

"उत्तरापूर्वीचा विराम. तो संपत नाही, इतकाच फरक. याहून स्पष्ट थकवा मी आजवर पाहिलेला नाही."

"असं धरलं तर आजचा धैर्यांक?"

"तेहेतीस."

पुराणिकांनी बिस्किट चहात बुडवले, ते तुटण्याआधी शिताफीने तोंडात टाकले आणि म्हणाले, "मौनं संमतिलक्षणम्."

आधी एक जण हसला, मग सगळेच हसले, आणि हसता हसता सगळ्यांच्या लक्षात आले की हा विनोद नसून तोडगा आहे. गप्प राहिलेला प्रत्येक फोन संमती म्हणून धरला तर आकडा सत्तरच्या पुढे जात होता. कायद्याने एकच अडचण ठेवली होती. मोजमापाची व्याख्या बदलायची तर तिच्यावर ध्वनी विभागाच्या प्रमुखाची सही हवी. शास्त्रज्ञाची सही लोकशाहीचे रक्षण करील, असे कायदा लिहिणाऱ्या कोणा भाबड्याला वाटले असावे.

बाकीचे गेल्यावर केळुसकरांनी उत्तराला थांबवून घेतले.

"हवालदार रणधीर निकम तुमचे बंधू ना?"

"हो. उत्तरेच्या ठाण्यावर आहे तो."

"आमच्याकडे आहेत."

"तुमच्याकडे? कसा आहे?"

केळुसकरांनी शब्द निवडायला वेळ घेतला. तो वेळ उत्तराच्या कानांनी सवयीने मोजला, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिला सगळे समजले.

"सुरक्षित," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"श्रावणापासून."

"दर गुरुवारी घरी त्याचा निरोप येतो."

"ती एक व्यवस्था असते." त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "मला खरोखर वाईट वाटतं, निकम. तुमच्या तालुक्याचा आकडा सावरेना, आमचा नाइलाज झाला. सोमवारी या व्याख्येवर सही करा. मंगळवारी हेलिकॉप्टरने ते गावात पोचतील. पूर्ण मानवंदना. तुमच्या आईंना त्यांचं तोंड पाहता येईल, एवढी काळजी घेतलेली आहे."

"आणि सही नाही केली तर?"

"तर तुमचा तालुका जेव्हा सावरेल तेव्हा." केळुसकर उठले. "आणि तो कसा सावरणार? बायका बोलतच नाहीत."

*

उत्तराला वाटले, विरोधी पक्षाला सांगावे. खासदार माणिकराव धुमाळ तिच्याच भागातले. युद्धाविरुद्ध त्यांची भाषणे इतकी जळजळीत असत की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी करून बसल्यासारखे वाटे. ते त्या शनिवारी एका लग्नाला येणार होते. मंगल कार्यालयात भोजनाच्या रांगेपलीकडे त्यांच्यासाठी वेगळे टेबल मांडले होते. तिथे उत्तरा त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि सगळे सांगितले. धुमाळ शांतपणे जेवत राहिले.

"सही करू नका, उत्तराताई," ते म्हणाले. "पण नाहीसुद्धा म्हणू नका. आजारी पडा. रजा टाका. जरा ओढा."

"कशासाठी? मौनाला थकवा म्हटलं की सोमवारी संध्याकाळीच आकडा चाळीसच्या खाली येतो. मतदान घ्यावंच लागेल. तुम्हाला हेच हवंय ना?"

"हवंय. पण आत्ता मतदान झालं तर काय होईल? ते लढाई थांबवतील, ढोल वाजवून विजय जाहीर करतील आणि शांतिदूत म्हणून मिरवतील. निवडणुकीला अजून दीड वर्ष आहे. तोवर लोक विसरून जातात हो. लोकांचा राग ताजा वाढावा लागतो, पोळीसारखा."

"दीड वर्षात माणसं मरतील."

"मरतातच की. कोणाच्या नावावर मरतात, एवढाच प्रश्न आहे." वाढप्याला त्यांनी खूण केली. "बाईंना बासुंदी वाढ रे. घ्या, छान आटीव आहे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "रणधीरचं फार वाईट झालं, ऐन श्रावणात. आपलाच पोरगा. लग्नाला आलो होतो मी त्याच्या."

उत्तराचा हात ताटावरच थांबला. भाऊ गेल्याचे तिने त्यांना सांगितले होते. केव्हा गेला, ते सांगितले नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"संसदीय समितीवर आहे ना मी. सगळ्या नावांवरून नजर जाते." त्यांनी वाटी तोंडाला लावली. "गुप्ततेची शपथ असते, ताई. कायद्यापुढे आपण कोण?"

*

खडकसालच्या वेशीवर एक दगड आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत, हे त्यावर कोरलेले आहे. नाव एकही नाही. साहेबाला आकडा पुरत असे. उत्तरा लहानपणी त्या दगडावर बसून कैऱ्या खाई. रविवारी दुपारी ती त्याच्याकडे न पाहता घराकडे गेली.

कालिंदी, तिची वहिनी, अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आई आत झोपली होती.

"या वन्सं," कालिंदी म्हणाली. "बसा, शेंगा सोला. शास्त्रज्ञाला जमतंय का बघू."

उत्तरा बसली. शेंग हातात घेतली आणि तशीच धरून राहिली.

"दादाचं सांगाय आला असाल," कालिंदी हातातले काम न थांबवता म्हणाली, "तर हळू बोला. आईंना ठावं हाय. पण बोललेलं कानावर आलं तर सोसायचं न्हाई त्यांना."

"तुला कोणी सांगितलं, वहिनी?"

"त्यानंच की. गुरवारी सकाळी नवाच्या ठोक्याला निरोप. 'मी खुशाल आहे, आईला नमस्कार.' श्रावणापासनं एक गुरवार चुकला न्हाई. तुमच्या भावानं जन्मात कधी येळ पाळलीय? लग्नात मुहूर्त टळला, भटजी बोंबलत व्हता आन ह्यो तिकडं दोस्ताच्या गाडीचं चाक बदलत व्हता. जित्त्या माणसाचा निरोप लागोपाठ दोनदा येतो, न्हाईतर पंधरा दिस येत न्हाई. मेलेल्याचा तेवढा येळेवर येतो. पाटलांच्या सुनेचं असंच झालं, थोरातांच्या शकूचं झालं. आता सगळ्या बायका घड्याळ बघत्यात. निरोप येळेवर यायला लागला की समजायचं."

ज्यांनी ती व्यवस्था उभारली त्यांनी निरोपाची भाषा प्रत्येक सैनिकाच्या जुन्या निरोपांवरून हुबेहूब उचलली होती. कोण आईला नमस्कार लिहितो आणि कोण बायकोला चिडवतो, हे यंत्र चोख सांभाळत होते. जिवंतपणात थोडा गोंधळ असतो, हे मात्र कार्यालयात बसलेल्या कोणालाही सुचले नव्हते.

"आणि फोनवर बोलणं का बंद केलंत?"

"आम्ही हसलो की पेट्या येत्यात, वन्सं."

उत्तराने मान वर केली.

"गौरीला पोरी माहेरी आल्या. फुगड्या घातल्या, फोनवर हसून बोलल्या. म्होरल्या आठवड्याला तालुक्यात पेट्याच पेट्या. मग सगळ्या रडल्या, तर यायच्या थांबल्या. पयल्यांदा वाटलं, लढाई थांबली. कुठली थांबतीय? माणसं तिकडं मरतच व्हती, फकस्त घरला यायची थांबली व्हती. दिवाळीला पुन्हा तेच. म्हणजी हसावं तर मेलेला येणार, रडावं तर मेलेलाबी यायचा न्हाई. मग बचत गटात ठरलं, फोन उचलायचा, धान्य बंद पडाय नको. पण त्यांना आवाज द्यायचा न्हाई. घ्या म्हणावं आता काय घेताय ते."

मोठमोठ्या संस्थांनी जे संशोधन करायला हवे होते ते असे बचत गटाच्या बैठकीत पार पडले होते, आणि उत्तराच्या विभागाने त्याला बिघाड म्हटले होते. तिने केळुसकरांचे बोलणे वहिनीला सांगितले. काही गाळले नाही, धुमाळांची बासुंदीसुद्धा नाही. कालिंदीने ऐकून घेतले.

"सही केली तर काय व्हईल?"

"गप्प बसलेल्या सगळ्या बायका लढाईला राजी आहेत, असं सरकार रोज सांगेल."

"आन न्हाई केली तर?"

"दादा तिथंच राहील. किती दिवस, सांगता येत नाही."

"गार असल तिथं."

"हो."

"थंडीचा लई राग त्याला," कालिंदी म्हणाली. "बर्फात नोकरी आन थंडीचा राग. सुट्टीला आला की चुलीफुडनं उठायचा न्हाई. मी म्हणायची, सरका, भाकरी करू द्या."

तिचे हात थांबले. मग तिने सुपातली टरफले बाजूला सारली.

"बायकोचं सुतक उशीर झाला म्हणून कमी व्हतं का, वो?"

"नाही. दहा दिवस पूर्ण. केव्हाही."

"मग माझे दहा कुठं जात न्हाईत. तो दारात आला की मी धरीन. पर त्याला असा आणू नका, वन्सं. इतक्या बायांच्या तोंडावर पाय देऊन आलेला मला दारात चालायचा न्हाई." तिने पुन्हा शेंग उचलली. "आन नीट सोला जरा. निम्मे दाणे मातीत चाललेत तुमचे."

*

सोमवारी उत्तराने सही केली, पण ती वेगळ्या व्याख्येवर. मौन म्हणजे न संपणारा विराम, आणि विराम म्हणजे थकवा. सायंकाळी सहाला देशभरच्या पडद्यांवर या व्याख्येसह धैर्यांक झळकला: तेहेतीस. पाऊण तासाने पडदे 'तांत्रिक दुरुस्ती'साठी काळे झाले. रात्रीच्या जेवणापूर्वी उत्तराला निलंबित केल्याचा आदेश मिळाला. दुसऱ्या दिवशी सहाला नव्या विभागप्रमुखाच्या सहीने आकडा आला: बाहत्तर. खाली बारीक अक्षरांत पुराणिकांचे सुभाषित होते. रणधीरची पेटी मात्र, बहिणीला शिक्षा म्हणून, शीतगृहातच राहिली. उत्तराने न्यायालयात धाव घेतली. तिला तारीख मिळाली. धुमाळांनी संसदेत या प्रकरणावर घणाघाती भाषण केले आणि मतदानाची मागणी मात्र कटाक्षाने टाळली.

त्या तेहेतीसच्या पाऊण तासात एक गोष्ट घडून गेली होती. गप्प राहणाऱ्या बायकांना कळले की आपण एकट्या नाही. मौन साताऱ्याबाहेर पडले, कोल्हापूर, नगर, नांदेड असे पसरत गेले, मग इतर राज्यांत. सैनिकांच्या घरांतून ते बिनसैनिकांच्या घरांत गेले. पाहणीवाल्यांना, वार्ताहरांना, पक्षाच्या दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना लोक दार उघडत, पाणी देत आणि बोलत नसत. मौन जितके वाढले तितकी संमती वाढली. चैत्रात धैर्यांक एक्क्याण्णव झाला. लोकांना फसवण्यासाठी बनवलेल्या त्या आकड्यावर अखेर एकाच घटकाने मनापासून विश्वास ठेवला, तो सरकारने. एक्क्याण्णव टक्के धैर्य पाहून त्याने मुदतीआधीच निवडणूक जाहीर केली, आणि ती युद्धाच्याच मुद्द्यावर लढवली.

मतदानयंत्राला आवाज लागत नाही. सरकार असे पडले की त्याचे निम्मे मंत्री अनामत राखू शकले नाहीत.

धुमाळ संरक्षण राज्यमंत्री झाले. धैर्यांकाचे केंद्र बंद करण्याचे वचन त्यांच्या जाहीरनाम्यात होते. ते 'अभ्यासाधीन' झाले. युद्धविरामाची बोलणी 'योग्य वेळी' होणार होती. केळुसकर आपल्या खुर्चीवर राहिले. मौनाची व्याख्याही राहिली. लोकांनी पाहण्यासाठी एक आकडा आणि सरकारने पाहण्यासाठी दुसरा, एवढी सुधारणा तेवढी झाली; गेल्या सरकारच्या चुकीपासून शिकायचे ते नवे सरकार शिकले होते. एक काम मात्र त्यांनी तातडीने केले. शीतगृहे उघडली. ते मृत आधीच्या राजवटीचे होते, म्हणून ते जितके जास्त आणि जितके एकदम दिसतील तितके बरे.

असा रणधीर निकम भाद्रपदात खडकसालला आला. कालिंदीने पदर सावरून पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. लाकूड अजून गार होते.

अंत्यसंस्काराच्या चौथऱ्यापाशी सारे गाव जमले होते. कॅमेरे होते. धुमाळांचे भाषण उत्तम झाले; आवाज दोन ठिकाणी नेमका दाटून आला. उत्तरा आईला धरून उभी होती. भाषण संपवून धुमाळांनी मूठ वर केली.

"वीर जवान रणधीर निकम..."

'अमर रहे' म्हणायची ती जागा होती. कोणी म्हटले नाही. त्यांना वाटले, ध्वनिवर्धक बंद पडला असावा. त्यांनी त्यावर टिचकी मारली, ती वेशीपर्यंत ऐकू गेली. ते पुन्हा ओरडले. मूठ वरच राहिली. म्हातारे, बायका, पोरे त्यांच्याकडे पाहत होती, चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. उत्तराचे कान सवयीने विराम मोजू लागले आणि मग त्यांनी मोजणे सोडून दिले. धुमाळांची मूठ हळूहळू खाली आली. कॅमेरेवाल्यांनी पुढे तिथे घोषणेचा आवाज जोडला असणार; त्यांना ते येते.

त्यानंतर एक प्रश्न उरला होता. वर्ष उलटून गेले होते. नियमाने भाऊबंदांनी अंघोळ केली की ते मोकळे. दिवस पाळायचे ते एकट्या कालिंदीने. निकमांच्या भावकीतले थोरले जगूआबा काठी टेकत अंगणात आले. त्यांच्यामागे बाकीची भावकी होती, आणि भावकीत नसलेलीही पुष्कळ.

"सूनबाई," ते म्हणाले, "शास्तर काय म्हणतं ते आमाला ठावं हाय. आम्ही दहा धरतोय. सगळं गाव."

कालिंदीने मान डोलावली. तिच्या चुलीपासून गावच्या शेवटच्या चुलीपर्यंत त्या संध्याकाळी धूर निघाला नाही. शेजारच्या गावाहून भाकरी आल्या. पुराणिकांचे गणित, दोनशे भाऊबंद आणि एक पत्नी, खडकसालात चुकले. पण ते चुकल्याचे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

कारण त्या दहा दिवसांतही फोन येत राहिले. घराघरांतून ते उचलले गेले. "नमस्कार ताई, आज कसं वाटतंय?" मधाळ आवाज विचारी, आणि फोन विझलेल्या चुलीच्या कडेला ठेवून दिला जाई. यंत्र ऐकत राही, ठरलेला वेळ संपला की आभार मानी आणि नोंद करी.

त्या दहा दिवसांत खडकसालचा धैर्यांक देशात सर्वांत जास्त होता.